पंधरा रुपयांचं लुगडं

गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पहिली सस्ताई राहिली नाही." मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका आजींनी सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळाच्या वेळी लुगडं पंधरा रुपयांना मिळायचं. पोरी हसल्या. पंधरा रुपयांत आता दोन चहासुद्धा येत नाहीत!

मग आम्ही वही काढली. आजींना विचारलं, तेव्हा रोज किती होता? त्या पाझर तलावाच्या कामावर होत्या, सुकडी खाऊन खडी फोडलेली. म्हणाल्या, तीन रुपये, तेही काम पुरं भरलं तर. म्हणजे एका लुगड्याला पाच दिवस उन्हात खडी. ही सस्ताई?

सरकारचा श्रम ब्युरो किमतींचा निर्देशांक काढतो. तो शहरातल्या कामगारांच्या खर्चावरून असतो, आपल्या भूमच्या बाजारावरून नव्हे. तरी अंदाजाला पुरतो. त्या हिशोबाने 1972-73 चा एक रुपया म्हणजे 2025 चे सुमारे 45 रुपये. मग ते लुगडं आजचं पावणेसातशेचं झालं. आणि 2025-26 मध्ये राज्यात रोजगार हमीचा दर 312 रुपये होता, म्हणजे तिनाच्या शंभर पट. भाव 45 पट, मजुरी शंभर पट. लुगडं महाग होतं हे इथं कळतं.

म्हणूनच एक लुगडं किती वर्षं चालायचं बघा. मधे विरलं की फाडून, कडा आत घेऊन दंड घालायचा. तेही गेलं की परकर, मग लेकराचं दुपटं, शेवटी गोधडीत. आमच्या आयांच्या पेटीत नवं लुगडं लग्नाचंच असे.

त्याच्याही मागे गेलं तर हिशोब आणखी किचकट. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात, तिथं हाली सिक्का चालायचा. सात हाली दिले की सहा कलदार रुपये. त्यामुळे कुणाच्या आजीने "अमुक रुपयांना घेतलं" सांगितलं, तर आधी विचारायचं, हाली का कलदार?

पुढे कापडच बदललं. सुती लुगड्याच्या जागी नायलॉन, मग पॉलिस्टर आलं. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, नंतर गिरण्या बंद पडत गेल्या. सोलापूरच्या मोठ्या गिरण्याही राहिल्या नाहीत. मागावरचं आणि सुरतेचं कापड आलं. आज आठवडी बाजारात तीनशेला पाचवारी मिळते, एका दिवसाच्या मजुरीत. पण सुती नऊवारी विचारा, हजाराच्या पुढे सांगतात. तेव्हा तुलना करताना सुताशी सुतच धरावं.

आता आमची खरी अडचण. हा हिशोब करता करता एकीने विचारलं, "मग आपल्या गोधडीचं काय?" आमचा गट गोधडी शिवून देतो, सहाशे रुपयांना. शिवायला चार दिवस जातात. दोरा आणि अस्तर सोडून द्या, तरी दिवसाला दीडशेच पडतात, रोजगार हमीच्या निम्मे. दोन वर्षं आम्ही सहाशेला खूश होतो, कारण आमच्या आयांनी कधी गोधडीचे पैसेच घेतले नव्हते.

पुढच्या बैठकीत दर पुन्हा ठरवायचा आहे. एक जण म्हणते बाराशे सांगू, दुसरी म्हणते गिऱ्हाईक तुटेल. आजी म्हणाल्या, "दिवस मोजून सांगा."