अवकाशातील कार्बनी रेणू व जीवोत्पत्ती

आंतरतारकीय मेघ, धूमकेतू, लघुग्रह व अशनी यांत सजीवांच्या साहाय्यावाचून निर्माण झालेली कार्बनाची संयुगे. सजीवांची घटकद्रव्ये पृथ्वीवरच तयार झाली की काही अंशी बाहेरून आली, या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व आहे.

फ्रान्समधील आले येथे १८०६ मध्ये पडलेल्या अशनीत यन्स याकॉप बर्झीलियस (१७७९–१८४८) यांना १८३४ मध्ये कार्बनी द्रव्य आढळले. तथापि अशा निष्कर्षांवर पार्थिव भेसळीचा संशय दीर्घकाळ राहिला. ऑर्गेय (फ्रान्स) येथे १८६४ मध्ये पडलेल्या अशनीच्या एका तुकड्यात बी व कोळशाचे कण सरसाने बसविलेले असल्याचे १९६४ मध्ये उघडकीस आले.

तारकांमधील विरल अवकाशात जंबुपार प्रारणामुळे मोठे रेणू टिकणार नाहीत, असा पूर्वी समज होता. १९३७–४१ या काळात दोन अणूंचे काही रेणू वर्णपटांवरून ओळखले गेले. १९६८ मध्ये अमोनिया व १९६९ मध्ये ग्रीन बँक (अमेरिका) येथील रेडिओ दूरदर्शकाने फॉर्माल्डिहाइड हा कार्बनी रेणू आढळल्यावर तो समज मागे पडला. आतापर्यंत आंतरतारकीय अवकाशात ३०० हून अधिक प्रकारचे रेणू सापडले आहेत.

दाट मेघांत धूलिकणांमुळे जंबुपार प्रारण अडते व तापमान सु. १० के. इतके उतरते. धूलिकणांवर गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडाशी हायड्रोजनाचे अणू एकामागून एक जोडले जाऊन फॉर्माल्डिहाइड व मिथेनॉल बनतात. अशा बर्फावर जंबुपार प्रारण सोडल्यास त्यातून ॲमिनो अम्ले मिळू शकतात, असे २००२ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले.

व्हिक्टोरिया (ऑस्ट्रेलिया) राज्यातील मर्चिसन येथे २८ सप्टेंबर १९६९ रोजी पडलेल्या अशनीत १९७० मध्ये ॲमिनो अम्ले आढळली. त्यांपैकी काही प्रथिनांत नसणारी होती. शिवाय एकमेकांच्या आरशातील प्रतिमांसारखी असणारी वाम व दक्षिण रूपे त्यांत जवळजवळ सारख्या प्रमाणात होती. सजीवांच्या प्रथिनांत केवळ वाम रूप असते. त्यामुळे ही अम्ले पार्थिव भेसळीची नव्हेत, हे स्पष्ट झाले. पुढे १९९७ मध्ये याच अशनीतील काही अम्लांत वाम रूप किंचित अधिक असल्याचे आढळले आणि सजीवांचे वामत्व अवकाशातून आले असावे, या कल्पनेस बळ मिळाले. मात्र बेन्नू या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेल्या नमुन्यात प्रथिनांतील २० पैकी १४ ॲमिनो अम्ले आणि न्यूक्लिइक अम्लांतील पाचही क्षारक सापडले, तरी ॲमिनो अम्लांची दोन्ही रूपे सुमारे समप्रमाणात होती (२०२५). त्यामुळे वामत्वाचा प्रश्न अनिर्णित आहे.

जीवनाची घटकद्रव्ये विश्वात सर्वसामान्य रासायनिक विक्रियांनी बनतात, एवढे यावरून सिद्ध होते. घटकद्रव्यांपासून स्वतःची प्रतिकृती करणारी संहती कशी निर्माण झाली, हे मात्र अद्याप उलगडलेले नाही.