उच्च विद्येच्या वाटेवरील साहाय्य

आपल्या ज्ञातीत कोणी मॅट्रिक झाला म्हणजे घरोघर पेढे वाटावयाचे, ही मागल्या पिढीची रीत. आज आपल्या कित्येक कुटुंबांतील मुलगे व मुली एम्. ए., एम्. एस्सी. होऊन पुढे पीएच्. डी. चा प्रबंध लिहीत आहेत, ही परम संतोषाची गोष्ट होय. परंतु पदवीनंतरच्या अभ्यासातील अडचणी निराळ्या असतात. शिष्यवृत्तीची मुदत संपते, मार्गदर्शकाशी मत जुळत नाही, लिहिलेला प्रबंध परत येतो. अशा वेळी पुष्कळ विद्यार्थी मनातल्या मनात कुढत बसतात व अखेरीस वाट सोडतात. संकटसमयी कोणाकडे जावे व काय मागावे, याचा फार मोठा धडा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेत सापडतो. त्यांची बुद्धिमत्ता सर्वश्रुत आहे. त्यांच्या अडचणी कशा सुटल्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

त्यांचा पहिला साहाय्यकर्ता एक शिक्षक होता, हे नमूद करताना आम्हां शिक्षकांस अभिमान वाटतो. मुंबईच्या चर्नी रोड येथील बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी गेली. पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. सन १९१३ मध्ये त्याच संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता.

कोलंबियात अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन त्यांचे गुरू होते. सन १९१५ मध्ये आंबेडकर एम्. ए. झाले व १९१६ मध्ये लंडनला गेले. परक्या नगरीत शिष्य एकटा पडू नये म्हणून सेलिग्मन यांनी तेथील विद्वानांस परिचयपत्रे लिहिली. गुरूचे काम वर्गाच्या दाराशी संपत नाही, ते असे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्ती संपली आणि सन १९१७ मध्ये बडोद्याहून परत येण्याचे बोलावणे आले. अभ्यास अर्धा, द्रव्य संपलेले, महायुद्ध पेटलेले. अशा मनःस्थितीत दुसरा एखादा मुकाट्याने निघून आला असता. आंबेडकरांनी निघण्यापूर्वी विद्यापीठाकडे रजा मागितली आणि चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली. तो कागद हाती नसता, तर पुढचा मार्ग फार कठीण झाला असता. परतीच्या प्रवासात त्यांनी निराळ्या बोटीने पाठविलेली ग्रंथसंपदा, बोट बुडविली गेल्यामुळे, समुद्रात गेली.

सर्वच अडचणींवर उपाय सापडला असे मात्र नाही. बडोद्यास एवढ्या विद्वान अधिकाऱ्यास अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ते शहर सोडावे लागले. विद्यार्थ्यास पैसा पुरविणारा समाज त्याला माणूस म्हणून थारा देत नसेल, तर त्याचे साहाय्य अपुरेच राहते.

मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात सन १९१८ पासून प्राध्यापकी करून त्यांनी काही पैसा शिल्लक टाकला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी हात दिला. नवल भाथेना या कोलंबियापासूनच्या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. अशा रीतीने चार वर्षांची मुदत टळण्याआधी, १९२० मध्ये, ते पुनश्च लंडनला पोहोचले व १९२१ मध्ये एम्. एस्सी. झाले.

शेवटची परीक्षा अजून उरली होती. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा डी. एस्सी. चा प्रबंध परीक्षकांनी प्रथम मान्य केला नाही. जवळचा पैसा संपल्यामुळे १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस परतले; परंतु प्रबंध पुन्हा लिहून त्यांनी लंडनला पाठविला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना त्यांची बरीच मते पटत नव्हती. तरीही छापील ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली व तीत आपला मतभेद मोकळेपणाने नोंदविला. कोलंबियाची पीएच्. डी. देखील प्रबंध छापून सादर केल्यावर, १९२७ मध्ये, हाती पडली.

या इतिहासाचे सार एवढेच की, प्रत्येक अडचणीचे दार निराळे असते. द्रव्याची अडचण मित्राकडे व दात्याकडे, ओळखीची गुरूकडे, आणि मुदतीची विद्यापीठाकडे, तीही वेळ टळण्यापूर्वी व लेखी, नेली पाहिजे. आज तर यासाठी नियमही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सन २०२३ च्या विनियमांप्रमाणे शिक्षणसंस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, आणि तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. आपल्या किती विद्यार्थ्यांस हे ठाऊक असेल?

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती अशी की, गुणगौरव समारंभात हार व पारितोषिक देऊन आपले कर्तव्य संपले असे मानू नये. मंडळाने दोन-चार अनुभवी प्राध्यापक, वकील व निवृत्त अधिकारी यांची एक साहाय्य-समिती नेमावी. अडलेल्या विद्यार्थ्याने तिच्याकडे निःसंकोच जावे, तिने त्याचा अर्ज लिहून द्यावा, आणि जरूर तेथे त्याच्यासोबत विद्यापीठाची पायरीही चढावी. यास द्रव्य फारसे लागणार नाही. केळुसकर गुरुजी काही श्रीमंत नव्हते. योग्य वेळी योग्य दारी शब्द टाकण्याची आस्था तेवढी त्यांच्यापाशी होती.