दारचे कुत्रे कोणाचे?

दारात एखादे अनोळखी कुत्रे येऊन बसले, की नांदेडकडे काय किंवा लातूरकडे काय, घरातले वडीलधारे माणूस पहिला प्रश्न विचारते, "कुणाचं हाय गं हे?" पोरे तोवर भाकरीचा तुकडा घालून मोकळी झालेली असतात. चार दिवस आळीत आणि बाजारात विचारपूस होते. धनी सापडला तर बरे. नाही सापडला तर कुत्रे तिथेच राहते. महिन्याभराने दुसऱ्या कोणी तोच प्रश्न केला, तर तीच आजी ठसक्यात सांगते, "आमचंच की!" त्या प्रश्नापासून या उत्तरापर्यंतची वाट वाटते तेवढी जवळची नाही. माणूस ती हजारो वर्षे चालत आला आहे.

महाभारताचेच पाहा. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञमंडपाशी सरमा कुत्रीचे पोर येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, तरी राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. सरमा येऊन विचारते, "माझ्या लेकराचा अपराध काय?" त्यावर कोणाकडेच उत्तर नसते. मग ती राजाला शाप देते. त्याच ग्रंथाच्या अखेरीस युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी उभा राहतो आणि वाटेत मागे लागलेल्या कुत्र्याला सोडून आत यायचे नाकारतो. एका राजाने बेवारशी जिवाला मंडपातून हाकलले, दुसऱ्याने त्याच्यासाठी स्वर्ग नाकारला. एवढ्या मोठ्या कथेच्या दोन्ही टोकांना कुत्रे उभे आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

आमच्या मुलखाने मात्र ते ध्यानात ठेवले आहे. दत्तगुरू काशीला स्नान करतात, कोल्हापुरास भिक्षा मागतात आणि निद्रेला नांदेड जिल्ह्यातील माहूरगडावर येतात, अशी श्रद्धा आहे. तसबिरीत त्यांच्या पायांशी चार कुत्रे असतात. शास्त्रीबुवा ते चार वेद असे सांगतात. लहान मुलांना ते कुत्रेच दिसतात, आणि त्यातही काही चूक नाही. त्याच जिल्ह्यात लोह्याजवळच्या माळेगावी मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्याबरोबर तेथे कुत्रीही मिरवतात. खंडोबाच्या पायांशी कुत्रा आहेच. शिवाय त्याचा भक्त स्वतःला 'वाघ्या', म्हणजे देवाच्या दारचा कुत्रा म्हणवून घेतो. जगात इतरत्र 'कुत्रा' ही शिवी. खंडोबाच्या दारी ती पदवी! आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसीचे नामदेव? कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा हे संत काठी घेऊन नव्हे, तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी देवाच्या घशाखाली उतरायची कशी, ही त्यांची चिंता!

लातूरकडची गोष्ट याहून निराळी. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेले आहे. लांब तोंड, सडपातळ अंग, आत ओढलेले पोट आणि कानाशेपटीवर रेशमासारखे केस. याच्याच आखूड केसांच्या भावंडाला कारवानी म्हणतात. हे नावच त्याचा मूळ पत्ता सांगते. उत्तरेकडून, अफगाणिस्तानाच्या वाटेने येणाऱ्या काफिल्यांबरोबर यांचे पूर्वज दख्खनेत उतरले, असे परंपरा सांगते. काफिले गेले, कुत्री राहिली. शेतकऱ्याने त्यांना ज्वारीची भाकरी घातली, त्यांनी त्याच्यासाठी ससे धरले, रात्री गोठा राखला. आता त्यांना परके कोण म्हणेल? जन्मभूमी विचारणारा वेगळा आणि भाकरी घालणारा वेगळा. कुत्रा दुसऱ्याचे ऐकतो.

शहरात मात्र हा प्रश्न सरकारदरबारी गेला. मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी समाजात कुत्रा पवित्र. मृताचे अखेरचे दर्शनही त्याला घडवतात. ६ जून १८३२ रोजी कोटातील पारशी शिपायांवर धावून गेले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. दंगा मोडला गेला, पण दोनच वर्षांत, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. ज्याला धनी नाही, त्याला निदान छप्पर मिळाले.

सरकारची भीती मात्र खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे त्या काळी मृत्यूच. १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली, तेव्हा कोठे माणसाला वाट सापडली. आजही रोगाची लक्षणे दिसू लागली, की उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून चावा लागताच जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि अंगारेधुपारे न करता दवाखाना गाठावा.

या दोन्ही गोष्टींचा, दयेचा आणि भीतीचा, मेळ घालण्याचा प्रयत्न कायद्याने २००१ च्या नियमांत केला आणि २०२३ च्या नव्या नियमांत तो कायम ठेवला: मोकाट कुत्रे धरावे, नसबंदी करावी, लस टोचावी आणि जिथून उचलले तिथेच नेऊन सोडावे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेली व अंगावर येणारी कुत्री वगळून हेच मान्य केले. पुढे नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नयेत, असेही सांगितले. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला त्यातले मर्म समजावून सांगावे लागत नाही. पण मूळ तत्त्व पाहा: कुत्र्याला गल्ली असते, हे कायद्यानेही मानले.

गल्लीने मात्र ते अजून पुरते मानलेले नाही. भाकरी घालताना कुत्रे आमचे असते आणि ते कोणाला चावले, की एकदम नगरपालिकेचे होते. नामदेवांनी नुसती भाकरी जाऊ दिली नाही, वर तूपही नेले. आजच्या दिवसांत ते तूप म्हणजे लसीची सुई. ती टोचून आणण्याइतके ज्याचे पाय चालतील, त्यानेच खुशाल म्हणावे, कुत्रे आमचे आहे.