दार अडवून बसलेल्या माता

यादवी युद्धाचा इतिहास लिहिताना आपण सेनापतींची नावे आणि तहांच्या तारखा लिहितो. त्या युद्धात जिची विटंबना झाली, ती स्त्री मात्र मुकीच राहते. म्हणून पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या छोट्या देशाची हकिकत आज आपणापुढे ठेवीत आहे.

१९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलर याने तेथे बंड केले. मधला थोडा काळ वगळता २००३ पर्यंत देश जळत राहिला. सुमारे २,५०,००० माणसे मेली. सरकारी फौज काय, बंडखोर काय, ज्याच्या हाती बंदूक त्याने बायकामुलींवर बलात्कार केले, त्यांना पळवून नेऊन राबविले. टेलर स्वतः अध्यक्ष झाला तरी हे थांबले नाही.

२००३ च्या एप्रिलात मन्रोव्हिया या राजधानीत, मासळीबाजाराजवळ, पांढरी वस्त्रे ल्यालेल्या बायका उन्हापावसात येऊन बसू लागल्या. लेमा ग्बोवी ही त्यांची पुढारी. ख्रिस्ती आणि मुसलमान स्त्रिया शेजारी शेजारी बसल्या. कोणत्याही पक्षाची बाजू त्यांनी घेतली नाही. मागणी एकच, लढाई थांबवा.

जूनमध्ये घाना देशातील आक्रा येथे वाटाघाटी सुरू झाल्या. आठवडे लोटले, इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडतच होते. २१ जुलैला या स्त्रियांनी सभागृहाचे दार अडविले. पहारेकरी अटकेस आले, तेव्हा ग्बोवी स्वतःच अंगावरची वस्त्रे उतरवू लागली. मातेने आपण होऊन विवस्त्र होणे हा त्या प्रदेशात पुरुषाला घोर शाप समजतात. पहारेकरी मागे हटले.

आपल्याला येथे द्रौपदी आठवल्यावाचून राहत नाही. तिच्या प्रश्नापुढे सभा माना घालून बसली होती. आक्र्याच्या सभेलाही आपल्या मौनाची लाज वाटावी लागली. जी लज्जा आजवर पीडित स्त्रीच्या माथी मारली जात होती, ती त्या दिवशी पुरुषांच्या पदरी पडली.

११ ऑगस्टला टेलर पायउतार झाला, १८ ऑगस्टला तह झाला. तो केवळ या स्त्रियांमुळे झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही; राजधानीला बंडखोरांनी दिलेला वेढा आणि शेजारी राष्ट्रांचा दाब ही कारणेही होतीच. परंतु वाटाघाटी रेंगाळू न देण्याचे काम त्यांनीच केले. २०११ साली ग्बोवीला नोबेल पारितोषिक मिळाले.

न्यायाची कथा मात्र निराळी. २००९ मध्ये सत्यशोधन आयोगाने युद्धातील गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालयाची शिफारस केली; त्यानंतर १५ वर्षे उलटली तरी ते उभे राहिले नव्हते. तहाने बंदुका खाली ठेवविल्या, पण ज्यांनी त्या रोखल्या होत्या त्यांना जाब विचारणे राहूनच गेले.