दस्त्याची चकाकी आणि जवसाचं तेल

जुन्या बंदुकीची नोंद करताना आपण नळी पाहतो, चाप पाहतो, नंबर पाहतो. लाकडी दस्त्याकडे सहसा कोणी बघत नाही. हे टिपण मी त्यावरच्या चकाकीबद्दलच लिहितो आहे.

2023 साली वेगळ्या झालेल्या आपल्या पांढुर्णा जिल्ह्यात पीक राखणं हे रात्रीचं काम. रानडुकरं ज्वारी-मक्यात शिरतात. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे, तो अशाच शेतकऱ्यांसाठी.

दस्त्याला चकाकी येते लाखेने. पळस, कुसुम, बोरीवर लाखेचा किडा वाढतो. त्या लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याने पातळ हात मारायचे, एक वाळला की दुसरा. सुतारांची स्पिरिट पॉलिश ती हीच. दस्ता आरशासारखा दिसतो खरा. पण पाणी पडलं की पांढुरके डाग उठतात, घामेजला हात निसटतो, आणि बॅटरीच्या उजेडात लाकूड लांबून चमकतं.

म्हणून ती चमक मारायची. पॉलिश चांगली कडक होऊ द्यायची. मग तेलाच्या फडक्यावर प्युमिस दगडाची वस्त्रगाळ पूड घेऊन लाकडाच्या रेषेने हलकं घासायचं. बारीक ओरखड्यांनी उजेड विखुरतो, दस्ता मंद दिसतो, आणि लाखेचा थर तसाच राहतो.

फौजेच्या ली-एनफील्ड रायफलींना तर कच्चं जवसाचं तेलच लावत. ते लाकडात मुरतं, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. ओरखडा पडला तर पुन्हा तेलाचा एक हात पुरतो. जवस हे आपल्या काळ्या जमिनीतलं रब्बी पीक, आणि लाख सातपुड्याच्या रानातली. म्हणजे हे दोन्ही लेप आपल्याच मुलखातल्या मालाचे.

वारशाने आलेली बंदूक 'नवी करून' घ्यायला दिली, की सुतार आधी पॉलिश पेपर मारतो आणि वर चकचकीत थर देतो. त्यात लाकडावरचे ठसे, मालकाची खूण, गाल टेकून झिजलेली जागा पुसली जाते. दस्त्याचा इतिहास तेवढाच असतो.

तेव्हा आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, कोरड्या फडक्याने धूळ पुसा, फोटो काढा, आणि लाकूड कोरडं पडलं असेल तरच तेलाचे दोन थेंब चोळा. तेलाचं फडकं चुरगाळून ठेवू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं, पसरून वाळवा. परवान्याची बंदूक घरी असेल त्यांनी मंडळाच्या नोंदीसाठी नळीबरोबर दस्त्याचाही फोटो द्यावा.