दोरी सोडवलेली विमाने

छोट्या इंजिनावर चालणारे मॉडेल विमान दोन बारीक पोलादी तारांनी हातातील मुठीशी जोडून स्वतःभोवती गोल उडवण्याची जी पद्धत कंट्रोल-लाइन म्हणून ओळखली जाते, तिची पहिली पावले अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात उमटली. तेथे ओबा सेंट क्लेअर यांनी १९३० च्या दशकात असे विमान उडवले होते. मात्र पोर्टलंडच्या जिम वॉकर यांनी अशाच ‘फायरबॉल’ विमानाचे किट बाजारात आणले, १९४२ मध्ये पेटंट मिळवले आणि इतर उत्पादकांकडून त्याचे शुल्क मागितले. कॅलिफोर्नियातील उत्पादक लिरॉय कॉक्स यांच्याशी त्यांचा वाद १९५५ मध्ये न्यायालयात गेला, तेव्हा सेंट क्लेअर यांचे आधीचे काम पुढे आले आणि वॉकर यांचा दावा कोसळला.

पेटंटाचा निकाल काहीही लागो, तोवर ही पद्धत घरोघर पोहोचली होती. रेडिओने विमान चालवायचे तर त्या काळी हौशी रेडिओचा परवाना आणि जड, लहरी यंत्रे लागत. येथे मात्र बाल्सा या हलक्या लाकडाचे किट, इंजिन आणि तारांची जोडी पुरेशी होती. स्टर्लिंग कंपनीचे ‘रिंगमास्टर’ आणि जॉर्ज ऑल्ड्रिच यांच्या आराखड्यावरचे ‘नोब्लर’ ही किटे याच भरभराटीची अपत्ये आहेत. भारतात एनसीसीच्या हवाई विभागातील छात्रांनाही या पद्धतीची ओळख होते.

अशी जुनी किटे आज रेडिओ नियंत्रणावर आणणारे कारागीर प्रथम ज्या गोष्टीला सामोरे जातात, ती म्हणजे या विमानांचा मुद्दाम ठेवलेला कल. पंखाच्या मध्यावर बेलक्रँक, म्हणजे खिळीवर फिरणारी लहान पट्टी असते. तिच्या दोन टोकांना तारा आणि तिसऱ्या टोकाला शेपटीवरचा आडवा पट्टा, म्हणजे एलेव्हेटर, वर-खाली करणारी सळई जोडलेली असते. साठेक फुटांच्या तारा ताणलेल्या राहिल्या तरच हाताची हालचाल शेपटीपर्यंत पोहोचते, म्हणून रडर, म्हणजे शेपटीवरचा उभा पट्टा, आणि इंजिन किंचित वर्तुळाबाहेर वळवतात. तारांचे वजन तोलण्यासाठी बाहेरच्या पंखाच्या टोकात शिसे घालतात, आणि बाहेरचा पंख अधिक वेगाने हवा कापून जास्त उचल निर्माण करतो म्हणून अनेक आराखड्यांत आतला पंख थोडा लांब असतो. तारा काढल्या की यातील प्रत्येक युक्ती दोष ठरते, आणि तारा एरवी किती कामे करत होत्या हे तेव्हा कळते.

म्हणूनच रूपांतर म्हणजे केवळ सर्व्हो, अर्थात रेडिओच्या आज्ञेने दांडा फिरवणारी छोटी मोटर, बसवणे नव्हे. शिसे काढावे लागते, रडर सरळ करावा लागतो, पंख समान करावे लागतात. तारांनी बांधलेले विमान आडवे कलंडू शकत नव्हते, तर मुक्त विमानाला एलेरॉन, म्हणजे ते डावी-उजवीकडे कलवणारे पंखांवरचे हलते पट्टे, लागतात. नोब्लरमध्ये पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप नावाचे हलते पट्टे असतात आणि ते एलेव्हेटरच्या उलट दिशेने एकत्र हलतात. त्यांना जोडणारी तार कापून प्रत्येकाला स्वतंत्र सर्व्हो दिला, की तेच एलेरॉनचे काम करतात. रिंगमास्टरचे धड मात्र फळीसारखे सपाट असल्याने बॅटरी आणि रेडिओची आज्ञा घेणारा रिसीव्हर ठेवायला पोकळीच नसते, ते बाजूला लटकवावे लागतात, आणि मग तोल पुन्हा साधावा लागतो.

इंजिनाचीही तीच तऱ्हा. ‘फॉक्स ३५’सारखी इंजिने वेग कमी-जास्त करण्याच्या सोयीविना इंधन संपेपर्यंत पूर्ण जोरात चालत, शिवाय गोल फिरताना इंधन बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाई, म्हणून टाकीतील नळीचे तोंड तिकडेच असे. सरळ उड्डाणात ही रचना दगा देते. लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशविरहित मोटर आल्यावर हा गुंता बराच सुटला. 

खरी अडचण जुन्या किटच्या खोक्यातच असते. बोथट साच्याने दाबून कापलेल्या बाल्साच्या कडा चिरडलेल्या निघतात, आणि न वापरलेले किट संग्राहकांना मोलाचे असल्याने ते फोडणे जिवावर येते. तारांवरच्या जुन्या वर्गांच्या स्पर्धेत आराखडा १९५२ पर्यंतचा किंवा १९७० पूर्वीचा हवा, आणि तेथे तारा सोडून उडणाऱ्या विमानाला स्थान नाही. त्यामुळे पुष्कळ जण मूळ भागांचे आकार कागदावर उतरवून घेतात, त्यावरून नवे लाकूड कापतात आणि जुने खोके पुन्हा बंद करून ठेवतात.