बेचिराख

'बेचिराख' या शब्दाचा अर्थ वर्गात विचारला की बहुतेक विद्यार्थी 'जळून राख झालेले' असे सांगतात. वृत्तपत्रांनीही तोच अर्थ रूढ केला आहे. शेवटी 'राख' ऐकू येते, त्याला कोण काय करणार! मुळात हा शब्द फारसी 'बेचिराग'. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात सांजवेळी एकही दिवा लागत नाही, ते बेचिराग. महसुली दप्तरात शब्द आला तो याच अर्थाने. त्यात आगीचा मागमूसही नाही.

मानवतकडच्या कापसाच्या काळ्या रानांतून हिंडताना अशा गावांची आठवण येतेच. काळ्या शिवारात मध्येच पांढुरका उंचवटा लागतो, पायाखाली खापऱ्या वाजतात. गावगाड्याच्या भाषेत पिकवायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. पडक्या भिंती, शेण, केरकचरा आणि चुलींची राख पिढ्यान्‌पिढ्या साचून ही पांढर चढत जाते. बेचिराखात राख शोधायचीच असेल, तर ती येथे आहे. पण नांदत्या चुलींची.

गावे ओस पडण्याची कारणे नवी नाहीत. १६३०-३२ च्या दुष्काळाने दख्खन उजाड केले. शेजारचे पाथरी तेव्हा वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत दिवाण मुर्शिद कुलीखानाने ओस गावांत पाटील नेमले, बी-बैलांसाठी तगाई दिली. काही गावांत दिवे पुन्हा लागले, काहींत कधीच नाहीत. मात्र दिवा विझला तरी दप्तरातले गाव सहसा मिटत नाही. त्याची शीव राहते, सातबाऱ्यावर नाव राहते. कसणारे शेजारच्या गावी निजतात आणि सकाळी औत घेऊन त्याच्या शिवारात येतात.

पांढर तरी जागेवर कुठे राहते? काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला चालत नाही. म्हणून मराठवाड्यात भिंती आणि माळवद पांढऱ्या मातीचे. ओस गाव असे टोपल्या-टोपल्यांनी नांदत्या गावात जात राहिले. पुरातत्त्वज्ञ यावर हळहळतात, आणि त्यांचे खरे आहे. शिरूर तालुक्यातील इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा अशाच टेकाडाखाली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची घरे, चुली आणि घरांच्या जमिनीत रांजणांत पुरलेली मुले सापडली. तेथली माती आधीच माळवदांवर गेली असती, तर हे काहीच कळले नसते.

पण ज्यांना घर बांधायचे होते, त्यांना दोष देणे आम्हांला जमत नाही. त्या घरांनी पुढे जी किंमत घेतली, तिची त्यांना कल्पना नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, आणि झोपलेल्या माणसांवर फूटफूटभर जाडीची माळवदे कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे दुसरीकडे हलवून वसवावी लागली. दुष्काळात ओस पडलेल्या गावांचे नाव जमिनीपाशी राहिले, माणसे निघून गेली. येथे उलट झाले. किल्लारी, सास्तूर ही नावे माणसांनी नव्या वसाहतींत सोबत नेली. मागे उरलेल्या जागेला आता नुसते 'जुने गाव' म्हणतात.